खादाड स्पीकर

ॲम्प्लिफायर विकणाऱ्याला एक खोड असते. दुखणं कुठलंही असो, औषध एकच: आणखी ताकद. मला ती खोड जरा जास्तच आहे. ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी मनातल्या मनात ॲम्प निवडून मोकळाही झालो होतो.

“बाबांचे स्पीकर नीट वाजत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आई गेल्यापासून ते त्या एका खोलीतच बसतात. धड जेवतही नाहीत. परवा म्हणाले, आता हेही वाजणार नसेल तर मी जगायचं कशासाठी? दादा, काहीतरी करा हो.”

गेलो. काका, म्हणजे ताईंचे बाबा, इमारतींचे नकाशे काढायच्या कामातून निवृत्त झालेले. स्पीकर कुठे उभे राहणार ते त्यांनी फरशीवर पेन्सिलीने आखून ठेवलं होतं. छातीइतके उंच, काळसर लाकडाचे दोन स्पीकर, समोर एक खुर्ची, बाजूला स्वयंपाकघराचं उघडं दार. आखणीत तसूभरही चूक नव्हती. असं गिऱ्हाईक भेटलं की मला बरं वाटतं.

त्यांनी पियानोची तबकडी लावली आणि आवाज चढवत नेला. एका जागी येऊन तो बसला. कोणीतरी बटण हळूच मागे फिरवावं तसा. बटण मात्र होतं तिथेच होतं.

“काका, तुमचे स्पीकर खादाड आहेत,” मी म्हणालो. “खालचे सूर आले की एकदम ढीगभर करंट मागतात. हा एवढासा ॲम्प बिचारा देणार कुठून? त्याला धाप लागते.”

“म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना अर्धपोटी ठेवलं म्हणायचं.”

“तसंच.”

“हीसुद्धा हेच म्हणायची. तुम्हाला कुणाच्या पोटाचं काही कळत नाही.” ते हसले. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. बाबांचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं.

दुसऱ्या खेपेला दुप्पट ताकदीचा ॲम्प नेला. आवाज चढला आणि त्याच जागी बसला. मी मीटर काढला आणि स्पीकरच्या तारांवर लावला. आवाज बसला तरी काटा खाली उतरेना. ॲम्प पुरेपूर देत होता. स्पीकरच्या पडद्यासमोर तळहात धरला तर वारा जोरात लागत होता. म्हणजे स्पीकर मोठ्याने वाजत होते आणि खोलीत ऐकू हळू येत होतं. हे होत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, हे होत नाही.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी म्हणालो, “याहून मोठा आणतो.”

तो मोठा ॲम्प एकट्याने उचलण्यातला नव्हता. जिन्यावर त्याची दुसरी बाजू ताईंनी धरली. “माहेरी विसावा मिळतो म्हणतात,” धापा टाकत त्या म्हणाल्या.

जोडला. काकांनी आवाज चढवला. नेहमीची जागा आली आणि मागे पडली. पियानो असा भरून आला की कपाटाच्या काचा थरथरल्या. मी खूश होऊन ताईंकडे बघितलं. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार आपसूक लोटलं गेलं आणि बंद झालं.

“खालच्या सुरांनी हवा ढकलली जाते,” मी म्हणालो. हे खरंही आहे. पण हवा ढकलली जाते ती क्षणभर, मागेपुढे. हे दार सावकाश मिटलं होतं.

काकांनी सुई उचलली. ते दाराकडे वळले.

“ही यायची,” ते म्हणाले. “आवाज वाढला की यायची. एक शब्द बोलायची नाही. बटण मागे करायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी परत वाढवायचो. जन्मभर आमचं हेच भांडण.” मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता म्हणाले, “आणि हा मोठा ॲम्प लावून मी तिला हुसकून लावलं.”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या चेहऱ्यापुढे वाद कसला घालणार?

“काका, तुमचा जुनाच लावतो.”

ताईंनी दार पुन्हा उघडून ठेवलं. मी जुना ॲम्प जोडला. आवाज चढला. ती जागा आली. गेली. आवाज बसला नाही.

“अगं,” काका हळूच म्हणाले. “रागावलीस?”

आवाज बसला.

ताईंनी ओढणी तोंडाशी धरली. काका डोळे मिटून हसले. कुठल्याही विक्रीने मला झाला नसेल असा आनंद त्या क्षणी झाला, खोटं कशाला सांगू.

पण आवाज तिथे थांबला नाही. उतरतच गेला.

मी मीटर लावला; काटा वरच होता. स्पीकरचे पडदे हलत होते. पियानो ऐकू येईनासा झाला.

मग पंखा. फिरत होता, पण आवाज नव्हता.

ताई माझ्याकडे वळून काही बोलल्या. ओठ हलले, एवढंच. मी टाळी वाजवली. तळवे चुणचुणले.

काका दाराकडे तोंड करून बोलत होते. विचारत होते, थांबत होते, मान तिरकी करून ऐकत होते, मग उत्तर देत होते. एकदा त्यांनी जुना आरोप उडवून लावावा तसा हात झटकला.

ताई पुढे झाल्या. त्यांच्याकडे न बघताच काकांनी हाताने थांबवलं.

मी ताईंना कोपराला धरून बाहेर आणलं. जिन्यावर येताच रस्त्यावरच्या गाड्या कानावर आदळल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “आईचा आवाज मला का नाही आला?”



पुढे काही दिवसांनी त्यांचा फोन आला. बाबा खुशीत आहेत, पोटभर जेवतात, अंगाने भरले. फक्त त्यांचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. खोलीतही नाही, बाहेरही नाही. डॉक्टरांनी तपासलं, घसा ठीक, कान ठीक.

“आणि तुमचं बोलणं त्यांना कळतं?”

“कळतं. जरा उशिरा. आधी ते मान बाजूला वळवतात, थांबतात आणि मग आमच्याकडे बघून मान हलवतात.”

“ताई, तो मोठा ॲम्प परत आणून लावू का?” मी विचारलं.



“नको,” त्या म्हणाल्या. “आई पुन्हा गेली तर आम्ही काय बोलतो ते बाबांना कोण सांगेल?”