चष्मेवाल्याची भाषा

पावसात स्टेशनच्या पायऱ्यांवर माझा चष्मा पडला आणि मागून येणाऱ्या कुणाच्या तरी बुटाखाली गेला... म्हणून मी त्या चष्म्याच्या दुकानात शिरले. नाहीतर परदेशात राहून मी ऑफिस आणि खोली सोडून जात होते कुठे?

ऑफिसात लिफ्टचे आराखडे काढायचे, तेही इंग्रजीत. बढती हवी तर जपानी शिका, असं साहेब सांगून थकले होते. माझ्याबरोबर राहणारी ताई इथल्याच इस्पितळात नर्स. ती तर रोज कानीकपाळी ओरडायची. पण पालथ्या घड्यावर पाणी!

दुकानात चष्मेवाला एकटाच होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. त्याने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी पुटपुटला, आणि फोनमधली बाई सपाट मराठीत म्हणाली, "आदरणीय स्त्री, आपले नाक लहान आहे. म्हणून चष्मा घसरतो."

मला हसूच फुटलं. "नाकाला नावं ठेवू नका," मी फोनला म्हटलं, "काचा बसवा."

त्याचे कान लाल झाले. मी निघाले तेव्हा मात्र तो घुटमळला, फोनजवळ तोंड नेऊन हळूच काही बोलला.

"तुम्ही उद्याही तुटावे," बाई म्हणाली.

माझा चेहरा बघून तो घाबरून दोन्ही हात हलवायला लागला — तू नव्हे, चष्मा, चष्मा!

त्यानंतर माझ्या चष्म्याचे स्क्रू फारच सैल व्हायला लागले. ते घट्टच आहेत हे त्याला दिसायचं. तरी तो चष्मा काढून घ्यायचा, पुसायचा, स्वतःच्या हाताने माझ्या डोळ्यांवर चढवायचा. कानामागे त्याची बोटं क्षणभर रेंगाळायची... तेवढ्यात वरच्या मजल्यावर घंटी वाजायची. वर त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. हातातलं टाकून तो धावायचा आणि परत यायचा तेव्हा बाह्या ओल्या असायच्या, आणि हसू वरच कुठेतरी राहून गेलेलं असायचं.

"थकत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"सवय आहे," बाई म्हणाली. त्याचे डोळे वेगळंच सांगत होते, पण बाईला डोळे कुठे वाचता येत होते?

मग काही दिवस दुकान बंद राहिलं. उघडलं तेव्हा फोननेच मला सांगितलं, "वडील गेले." सांत्वनाचं काही बोलावं म्हणून मी माझा फोन काढला. त्याने तो माझ्या हातातून घेतला, काउंटरवर पालथा ठेवला — आणि बोलायला लागला. खूप वेळ, माझ्याकडे न बघता. मला अक्षरही कळत नव्हतं. एक शब्द तेवढा फिरून फिरून येत होता. होत्तो. शेवटी त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले.

तो शब्द सांडू नये म्हणून ओठांवर घोळवतच घरी आले. शनिवारी कंपनीच्या जपानीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या. मी होत्तोचा अर्थ विचारला. त्यांनी आपली जड पर्स उचलली, वाकून, धापा टाकत चार पावलं चालल्या, ती टेबलावर ठेवली आणि लांब श्वास सोडला.

हुश्श...

वडील गेल्यावर त्याला हायसं वाटलं होतं. आणि हे तो जगात कुणालाच सांगू शकत नव्हता.

"बढतीचं गाजर दाखवलं तेव्हा हलली नाहीस," ताई म्हणाली, "आणि आता भांडी घासताना क्रियापदं? चष्मेवाल्यासाठी ना? अगं, मग 'आवडतोस' एवढंच पाठ कर."

"मला बोलायचं नाहीये, ताई. त्याचं ऐकायचंय."

हिवाळा असाच गेला. तो काम करायचा, मोजकं बोलायचा. घंटी वाजत नव्हती, तरी मधेच जिन्याकडे बघायचा. एका मळभ दाटलेल्या दुपारी मी फोन पर्समध्ये टाकला आणि घोकून आणलेलं वाक्य म्हटलं, "त्या दिवशी तू होत्तो म्हणालास. आता मला समजतं."

त्याचा हात थांबला. चेहरा उतरला.

"तुला समजणार नाही म्हणून बोललो होतो," तो म्हणाला. "जा तू."

फोनशिवाय मला कळलेली त्याची ही पहिली वाक्यं. कळली नसती तर बरं झालं असतं.

मी दारापर्यंत गेले. डोक्यात मराठी नुसती उसळत होती, पण तिचा इथे काय उपयोग? तशीच वळले.

"मी घाबरणे नाही. तू वाईट माणूस नाही. तू... थकणे माणूस."

तो पाठमोरा उभा होता. घोगऱ्या आवाजात त्याने माझी चूक सुधारली, "थकलेला."

"थकलेला," मी म्हटलं.

त्याचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय, मागून कळेना. मग त्याने खुर्ची ओढून दिली. "बस. परत सांगतो."

"हळू सांग. मला फार येत नाही."

त्याने सांगितलं. वडिलांना आंघोळ घालणं. एकदा त्यांच्यावर ओरडणं. घंटी वाजली नाही त्या सकाळी गाढ झोपून राहणं. पुष्कळसं मला कळलंही नाही. माझ्या कपाळाला आठी पडली की तो थांबायचा, तो शब्द सोडून द्यायचा, दुसरा शोधायचा — त्याहून सोपा... तोही नाही कळला तर आणखी सोपा. इतक्या जड दुःखासाठी माझ्यापुरते लहान लहान शब्द शोधत तो अंधारून येईपर्यंत बोलत राहिला. मी त्याचा हात हातात घेतला. त्याने तो सोडवून घेतला नाही.