रेशमातली मेंढपाळीण

पॅरिसमध्ये लारिव्हो चित्रकारांकडे मी रंग घोटते. आमच्या गावच्या जमीनदारीणबाईंना चित्रात मेंढपाळीण व्हायचं होतं. पण तासन्‌तास बसणार कोण? अंग दुसरीचं, चेहरा बाईसाहेबांचा, ही इथली रीतच. म्हणून माझी धाकटी बहीण तोईनेत गावाहून आली. खरी मेंढपाळीण. कडेवर तीन महिन्यांचा रेमी.

निळं रेशीम अंगावर चढलं तशी ती खुदकन हसली. "ताई, या झग्यात मेंढरांमागं धावले तर मेंढरं हसून मरतील गं!"

पहिल्या दिवशी पावलं रंगवली. टाचांच्या भेगा लारिव्होंनी गाळल्या, बोटं गुलाबी केली. संध्याकाळी मी तिच्या टाचांना चरबी चोळायला बसले, तर भेगा नव्हत्याच. तळवे गुळगुळीत, गार. कधीच न चाललेले. तिला उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी हात झाले. मग तिच्यानं पाव मोडवेना.

"उद्या छाती रंगवणार," मी म्हणाले. "पळ, तोई. पोरासाठी तरी."

"कुठल्या पायांनी पळू? अन् कुरण बाईसाहेबांचं. मी उठले तर बाबांची मेंढरं काय दगड चरतील?"

तिसऱ्या दिवशी मीच लारिव्होंपुढे गेले. "मालक, पोर भुकेलंय. आधी पाजू द्या तिला."

कुंचला थांबला नाही. "मांडीवर कोकरू काढतोय. पोर घे बाजूला. चित्रात रडणं शोभत नाही."

संध्याकाळी रेमीनं तोंड लावलं, सोडलं. पुन्हा लावलं. दूध नव्हतं. शेळीचं दूध मी बोटानं चाटवलं. त्यानं थुंकून टाकलं. रात्रभर तो हुंदक्याहुंदक्यानं वाळत गेला.

चौथ्या दिवशी बाईसाहेब आल्या, तासभर बसल्या, गोड हसल्या. चेहरा झाला.

त्या गेल्यावर मी रेमीला तोईनेतच्या मांडीवर ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, हे कुणाचं?"



रंग वाळायच्या आतच बाईसाहेबांची गाडी आली. दोघा गड्यांनी चित्र उचललं. इतका वेळ निपचित पडलेला रेमी एकदम किंचाळला. हात पसरले ते चित्राकडे.

मी त्याला उचलून गड्यांच्या मागं धावले. जिन्याच्या पायरीपायरीवर एकेक पांढरा थेंब पडत गेला होता.

वाकून बोट टेकवलं.

थेंब कोमट होता.