एका अनुस्वाराचं खोटं

पौष लागला तरी आभाळ निवळत नव्हतं. अकोल्यात कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जीनच्या फाटकाशी ताडपत्री पांघरून खोळंबल्या होत्या, रस्त्यांचा काळा राडा झाला होता, आणि जठारपेठेतल्या एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली दोन माणसं झिमझिम थांबायची वाट पाहत उभी होती.

एक वच्छला, मोर्णेकाठी मळा करणाऱ्या शेषराव माळ्याची मुलगी. पायाशी शेवंतीची टोपली. दुसरा सूर्यभान, शाळेतला नवा मास्तर, मूळचा भातकुलीकडचा. भिजू नये म्हणून त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कोटाच्या आत धरलं होतं... आणि स्वतः मात्र अर्धा पागोळीखाली उभा होता.

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर पुढं ओढला. मग थोड्या वेळानं तीच बोलली.

"मास्तर, इंग्रजी येते का तुमाले?"

"येते थोडीबहुत. काहून?"

"एक शबूद पुसाचा व्हता. बंगल्यावरच्या मडमकडं मी फुलं नेतो. ते मडम मायाकडं पाहते न् पाव्हन्याईले सांगते... विडो. लय मायेनं म्हनते. मले वाटलं, एकांद्या फुलाचं नाव असन."

वाऱ्यानं पदर मागं सरकला. कपाळ कोरं होतं. मनगटंही. विशीचीसुद्धा नसेल... सूर्यभानच्या जिभेवर अर्थ आला होता. पण ते दोन डोळे इतक्या आशेनं त्याच्याकडं लागले होते, की —

"खिडकी," तो म्हणाला.

"खिडकी?"

"हो. विंडो. मडम लोक अर्धे शब्द गिळतात ना, अनुस्वार ऐकू येत नाही."

"अन् मी खिडकी कशी व्हईन, मास्तर?" तिला हसू येत होतं, पण ती ते ओठांत धरून होती.

सूर्यभान गडबडला. मग त्याला पुस्तकातलं काहीतरी आठवलं. "तसं नाही. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे... वाऱ्याचा डोळा. थंडीच्या मुलखात दर्यावर फिरणारे लोक होते, त्यांचा शब्द. घरं सगळीकडून बंद. उजेड यायला, धूर जायला एकच भोक ठेवायचे. त्याला म्हणायचे वाऱ्याचा डोळा." तो थांबला. "तुमचे डोळे पाहून म्हणाली असेल."

झिमझिम चालूच होती. वच्छलानं टोपली उचलली आणि तशीच पावसात चालू लागली. पाचसहा पावलांवर वळून तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं — तेवढंच.

वच्छलाचं लग्न मूर्तिजापूरकडं झालं होतं. दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातली. तेव्हापासून ती निंदणं-खुडणं करी, हार गुंफी, आणि हळदीकुंकवाच्या घरी हार मागच्या दारानं देऊन परत येई. तिला कुणी काही चांगलं म्हटलं, असं पुष्कळ दिवसांत घडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मळ्यातल्या विहिरीवर ती कितीतरी वेळ पाण्यात वाकून पाहत बसली.

मास्तर रोज फुलं घेऊ लागला.

"रोज शेवंती कोनाले वाह्यता, मास्तर?"

"देवाला."

"कोन्त्या देवाले?"

"खोलीत तसबीर आहे एक."

"कोनाची?"

"...अजून टांगायची आहे."

वच्छला खळखळून हसली. आणि लगेच घाबरून आजूबाजूला पाहू लागली... बाजारात कुणी ऐकलं तर? सूर्यभानला ते हसू आणि ते घाबरणं, दोन्ही लागलं. घरी जाऊन त्यानं फुलं तांब्यात ठेवली. खोलीभर शेवंतीचा कडवट वास भरून राहिला, आणि त्याला कळलं, की आपल्याला आता या गावातून जाववणार नाही.

तो तिला शब्द सांगे. त्यांचा बंगला आपल्याकडून गेला, त्यांची 'कॉट' म्हणजे आपलीच खाट. "मंग आपलं काय ऱ्हायलं आपल्यापाशी?" ती विचारी. तो नुसता पाहत राही.

एका रविवारी बंगल्याच्या मागच्या ओसरीत ती सत्यवतीला, मडमच्या आयाला, फुलं मोजून देत होती. मन हलकं होतं. सहज बोलून गेली, "मावशी, मडम मले विडो म्हनते ना, त्याचा मतलब मले समजला. वाऱ्याचा डोळा."

सत्यवतीनं हातातली फुलं खाली ठेवली.

"कोन सांगतलं तुले, पोरी?"

"हाये एक... मास्तर."

"चेष्टा केली त्यानं तुयी. विडो म्हंजे रांडमुंड बाई. मले बी तेच म्हनते ते, मीबी तीच हावो."

वच्छला घरी कशी आली, तिला आठवलं नाही.

ती बाजारात येईनाशी झाली, तेव्हा सूर्यभान मोर्णेकाठी मळ्यात गेला. ढगांनी दिवस मावळल्यासारखा झाला होता. ती वांग्यांच्या वाफ्यात बसलेली होती. मान वर न करता म्हणाली,

"हासाले आले का?"

"वच्छलाबाई —"

"मी विहिरीत तोंड पाह्यत बसलो व्हतो, मास्तर. त्या शब्दापायी. आता विहिरीकडं जाची लाज वाटते."

त्याचा चेहरा उतरला. तो वाफ्याच्या बांधावरच बसला, चिखलात. "हसलो नाही. तुमचं कपाळ पाहिलं अन् तोंडातून निघेना तो शब्द. अनुस्वार घातला अन् सुटलो."

"अन् मंग? खरा मतलब काय त्याचा? आता समदं सांगा."

"आपलाच शब्द आहे तो. विधवा अन् विडो हे दोन नाहीत, एकच. हजारो वर्षांमागं त्यांचे अन् आपले लोक एकच बोली बोलत असतील, तेव्हाचा. मुळात अर्थ... वेगळी पडलेली. रिकामी झालेली."

"इतका जुना?"

"हो."

ती मातीत काडीनं रेघा ओढत राहिली. "म्हंजे तवापासून हाये हे. तिकडं बी." मग तिनं विचारलं, "अन् बायको मेलेल्या बाप्याले काय म्हनते?"

"विडोअर. पण तो मागाहून झाला. बाईच्या शब्दाला शेपूट लावून."

"व्हय ना. आधी गरज कोनाले व्हती!" ती कडवट हसली. मग उठली. "मास्तर, मायं दुखनं मले ठाव हाये. ते तुमी झाकू नका. झाकलं की मले एकटीलेच पाहा लागते."

सूर्यभान गेला नाही. उभा राहिला, चिखलानं भरलेल्या धोतरानिशी... आणि जे एवढे दिवस म्हणायचं होतं, ते भलत्याच वेळी म्हणून गेला. "मला लग्न करायचं आहे तुमच्याशी."

वच्छला पाठ फिरवून घराकडं गेली. पण राग केला नाही. नंतर तो बाजारात आला की ती खाली पाहून फुलं निवडी, आणि चांगली चांगली त्याच्या पुड्यात घाली. एक दिवस पुडा देताना म्हणाली, "मले चालन." एवढंच.

जात एकच होती. माळ्यांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा — फक्त अमावस्येकडच्या अंधारात, वाजंत्रीविना, सवाष्णींनी तोंड न पाहता. शेषराव तेवढ्यावरही खूष होता. अडचण भातकुलीची होती. तिथं सूर्यभानचे वडील भगवंतराव होते, ऊस-संत्र्यांची बागाईत होती, आणि त्या घरात अजून पाटाची बायको आलेली नव्हती.

भगवंतराव मुलगी पाहायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सूर्यभान घाईघाईनं मळ्यात आला.

"एक ऐकशील? उद्यापुरतं... कुंकू लाव."

वच्छला पाहतच राहिली. "बापाले सांगतलं नाई तुमी?"

"मुलगी शेषरावांची आहे, गुणाची आहे, एवढं सांगितलं. एकदा तुला पाहिलं की बाकीचं मी हळूहळू —"

"अनुस्वार," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, कोऱ्या कपाळानं. भगवंतराव खाटेवर बसले होते. त्यांचा हात तांब्याकडं जाता जाता थांबला.

"मामाजी," ती म्हणाली. शब्द एकही गिळला नाही. "मी विधवा हावो. तुमच्या पोरानं सांगतलं नाई, म्हनून मी सांगतो."

भगवंतराव सावकाश उठले. पोराकडं वळले. "कुवाऱ्या पोराचा पाट लावाचा म्हंजे आधी रुईच्या झाडासंगं लगन लावा लागते, ठाव हाये ना तुले? मायं पोरगं मी झुडपाले देऊ? अन् मायाशी खोटं बोलून?" सूर्यभाननं मान खाली घातली. त्याच मानेनं तो बापामागं स्टेशनाकडं चालू लागला.

वच्छला दारात उभी होती. तो वळून पाहील, असं तिला वाटलं होतं...

मग नुसतं आभाळ. शेवंती संपली. शाळेत बदली मास्तर आला. आई, पार्बताबाई, रात्री कूस बदलताना उसासे टाकी आणि शेषराव मुलीच्या नजरेला नजर देत नसे. वच्छला मडमकडं फुलं नेई. मडम पाहुण्यांना तेच सांगे, आणि आता तिला कळत असे.

माघ सरता सरता एका दुपारी तो मळ्याच्या वाटेवर दिसला. दाढी वाढलेली, हातात ट्रंक. ती वाफा सोडून उठली नाही.

"सांगू?" त्यानं दुरूनच विचारलं.

"काही गोड करू नका."

"नाही करत. बाबा नाही म्हणाले. जन्मात दार उघडणार नाही म्हणाले. शेतात माझा वाटा नाही. मी रोज बसून सांगितलं, सगळं सांगितलं, आईसमोर सांगितलं. काही उपयोग झाला नाही. नागपूरहून हुकूम आला आहे, अमरावतीच्या शाळेवर. एक खोली आहे, गळकी. लोक तुला तोंडावर बोलतील, अन् मी दर वेळी तिथं नसेन." त्यानं दम घेतला. "अन् त्या दिवशी मी वळून पाहिलं नाही. भ्यालो होतो. बाबांना नाही... तुझ्या तोंडाला."

तिनं हातातलं रोप मातीत दाबून बसवलं. मग हाताची माती लुगड्याला पुसून उठली आणि त्याच्या हातातली ट्रंक आपल्या हातात घेतली.

"अंधारात मी नाई येत पन," ती म्हणाली. "म्या कोनाची चोरी नाई केली."

"दिवसा," तो म्हणाला.

जातीतल्या मंडळींनी पाठ फिरवली. दिवसाढवळ्या पाट कुठं लागतो? शेवटी सत्यशोधकांपैकी महादेवराव म्हणून एक गृहस्थ आले आणि भर दुपारी, मळ्यातल्या चिंचेखाली, त्यांनी दोघांचं लग्न लावलं. सत्यवती आली होती. आणखी फारसं कुणी नाही. ऊन पडलंच नाही. सूर्यभान कुंकू लावू लागला. "नीट लावा," ती डोळे मिटून कुजबुजली, "वाकडं जाऊन राह्यलं..." आणि दोघांनाही एकदमच हसू आलं, आणि एकदमच रडू.

अमरावतीची गाडी बडनेऱ्याला बदलावी लागे. फलाटावर बोचरा वारा होता. सूर्यभान सामान उतरवत असताना नळापाशी उभी असलेली एक बाई जवळ आली. अर्धं तोंड पदरात, पाय धुळीनं माखलेले.

"माय!" सूर्यभान थबकला.

"तुयी चिठ्ठी भेटली. तुया बापाले सांगून नाई आली," दुर्गाबाई म्हणाली. "बाजाराले जातो म्हनून निंगाली. मले लवकर वापस जा लागते."

वच्छला पाया पडायला वाकली. दुर्गाबाईचा हात पुढं आला आणि हवेतच थांबला. सवाष्ण बाई होती ती, आणि जन्मभर ऐकलेलं सगळं त्या हाताला धरून होतं. वच्छला वाकलेलीच राहिली. श्वास रोखून.

मग तो खरबरीत हात तिच्या डोक्यावर टेकला.

"घरात महिनाभर तुयंच भांडन चालू हाये, बाई," दुर्गाबाई म्हणाली. "पन नाव कोनी घेत नाई तुयं. नाव काय वं?"

"वच्छला."

"वच्छला," सासू हळूच म्हणाली. अमरावतीच्या गाडीनं शिट्टी दिली, तरी तिनं हात उचलला नाही.