आसन क्रमांक दोनचं वजन

सकाळी साडेसात वाजता कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपसमोर विजयमाला सरनोबतने घरगाडीचा हँडब्रेक सोडायला बटण दाबलं आणि तो सुटला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. ट्रेलर जोडायच्या हुकावरच्या जोडकाट्याचं सगळं मोजून होईपर्यंत ब्रेक सुटत नाही, हे आता मागे काही ओढणाऱ्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं होतं.

घरगाडीत पुढे तीन आसनं, मागे छोटं स्वयंपाकघर आणि झोपायची सोय होती. तिच्या मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर ताडपत्रीखाली मृणालची शर्यतीची गाडी. मृणाल ही विजयमालाची मुलगी, चोवीस वर्षांची. गाडी बांधली होती तिच्या वडिलांनी, आनंदरावांनी. ती ओढून नेण्याचं काम विजयमालाचं. बावीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेल्या बाईला हे जड नव्हतं, पण नव्या नियमांप्रमाणे तिला वेगळा जोडपरवाना काढावा लागला होता. परीक्षेत मागचा ट्रेलर उलटा नेऊन दोन खांबांच्या मधे उभा करायचा होता. पंचवीस जणांत त्या दिवशी ती एकटीच पास झाली, आणि आनंदरावांनी संध्याकाळी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

हे नियम आले ते घाटातल्या अपघातांमुळे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर टेकलेला असावा लागतो. त्याहून कमी टेकला तर उतारावर ट्रेलर माशाच्या शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही ओढून नेतो. हौशी लोक गाडी कशीतरी चढवायचे, दोन माणसं लिहून सहा बसवायचे. मग हुकाच्या जागी जोडकाटा सक्तीचा झाला. तो हुकावरचा भार मोजतो, प्रत्येक चाकावरचा मोजतो, आसनावर बसलेलं माणूसही मोजतो. शर्यतीच्या गाडीची बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असेल, तर आगीच्या धोक्यामुळे तेव्हाही अडून बसतो. नोंदवलेल्या वजनात पाच किलोंपर्यंतचा फरक त्याला चालतो. त्याहून अधिक झाला की ब्रेक सुटत नाही.

पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली. आसन क्रमांक दोन, एकाहत्तर किलो. आनंदराव जानेवारीत बहात्तर नोंदले गेले होते. ब्रेक सुटला. कोइमतूरची शर्यत तीन दिवसांवर होती, मोसमातली शेवटची, आणि मृणाल गुणतक्त्यात दुसरी होती.

वाटेत आनंदरावांनी दोन थालीपीठं खाल्ली आणि कागलच्या पुढे पुन्हा डबा उघडला. हल्ली त्यांची भूक वाढली होती. तरी ते सडपातळ दिसत होते. पहाटे चालायला जातो त्याचा परिणाम, असं ते सांगत, आणि विजयमालाने एकदोनदा त्यांचं कौतुकही केलं होतं. बारीक बोल्ट बसवायची कामं त्यांनी मृणालकडे दिली होती. आता तुझं तू शिकलं पाहिजेस, असं त्यांनी तिला सांगितलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता.

सीमेवरच्या तपासणी नाक्यावर त्यांना बाजूला घेतलं गेलं. दर तिसऱ्या फेरीला जोडवाहनाचं रिकामं वजन पाहायचा नियम होता. निरीक्षक तबस्सुम मुल्ला या चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तिघांनाही खाली उतरायला सांगितलं आणि हातातल्या पाटीवर आकडे पाहिले.

"आसन क्रमांक दोन रिकामं आहे ना?" त्यांनी विचारलं.

विजयमालाने हो म्हटलं.

"मग त्यावर नऊ किलो कसलं आहे?"

विजयमाला वर चढली. तिने आसनाची गादी उचलली. खाली जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या शिशाच्या तीन पट्ट्या होत्या. शर्यतीची गाडी ठरलेल्या वजनाहून हलकी भरली तर तिच्या तळाला अशा पट्ट्या ठोकतात. आनंदराव घाईघाईने म्हणाले की त्या मृणालच्या गाडीसाठीच आणल्यात, ठेवायला जागा नव्हती.

मृणाल त्यांच्याकडे बघत राहिली. "पप्पा, आपली गाडी आधीच जड आहे. तिला शिसं लागतंय कुठं?"

आनंदरावांनी टॉवेल पुन्हा पट्ट्यांवर ओढला.

मुल्लाबाईंनी नियम सांगितला. आसनाखाली खोटं वजन ठेवणं हा गुन्हा धरला जातो, आणि मागे-पुढे जोडलेल्या प्रत्येक वस्तूला चालक जबाबदार असतो. म्हणजे परवाना जाईल तो विजयमालाचा. हे ऐकल्यावर मात्र आनंदरावांचा चेहरा उतरला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, तिला यातलं काही माहीत नाही, जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.

"आधी बसून दाखवा," मुल्लाबाई म्हणाल्या.

पट्ट्या बाहेर काढल्या आणि आनंदराव आसनावर बसले. आकडा बासष्टवर थांबला. मग मुल्लाबाईंनी आधीच्या फेऱ्यांची नोंद उघडली आणि नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर वाचली. जानेवारीत बहात्तर, फेब्रुवारीत एकोणसत्तर. मार्चमध्ये आकडा एकदम एकाहत्तर झाला होता. शिसं तेव्हापासून होतं, पट्ट्या नंतर वाढत गेल्या होत्या.

तीन महिन्यांत दहा किलो. विजयमालाला आपल्या त्या कौतुकाची आठवण झाली. ती रोज या माणसाला ताट वाढत होती, त्यांचे शर्ट धुऊन वाळत घालत होती. तिला दिसलं नव्हतं ते एका हुकाने लिहून ठेवलं होतं, आणि फरक नियमात बसत होता म्हणून तोही गप्प राहिला होता.

तिने आनंदरावांना आत नेलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसवलं. मृणाल दारात उभी राहिली.

"माले, माझा दादा असाच वाळत गेला होता," आनंदराव म्हणाले. "आठवतंय न्हवं? डॉक्टरकडं गेला, त्यांनी एक शब्द सांगितला, आणि पाच महिन्यांत संपला. मला तो शब्द ऐकायचा नव्हता. निदान पोरीची शर्यत होईतोवर."

विजयमालाने त्यांचा हात धरला. तो बारीक थरथरत होता, आणि सोडवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. बोल्ट मुलीकडे का गेले ते तिला तेव्हा कळलं.

"बत्तीस वर्षं झाली आपल्याला," ती म्हणाली. "घाबरायचं होतं तर दोघांनी मिळून घाबरलो असतो की."

बाहेर मुल्लाबाईंनी कागद दुरुस्त केले होते. पट्ट्या जप्त केल्या, आनंदरावांच्या नावावर ताकीद लिहिली आणि चालकाला माहिती नव्हती अशी नोंद केली. आसन क्रमांक दोनसमोर बासष्ट लिहिलं, आता दक्षिणेकडे जायला त्यांना मोकळीक होती. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच म्हणाल्या.

विजयमालाने मृणालकडे पाहिलं. दोन वर्षांची मेहनत होती, आणि ती एकट्या पोरीची नव्हती. पण मृणाल मुल्लाबाईंकडे वळली.

"मॅडम, एवढी लांब जोडगाडी वळवायला इथं जागा कुठं आहे?"

आनंदराव नको म्हणत होते, शर्यत झाल्यावर बघू म्हणत होते. कुणी ऐकलं नाही. मुल्लाबाईंनी ट्रक उभे राहतात ते आवार रिकामं करून दिलं, आणि विजयमालाने पंचेचाळीस फुटांची ती वरात एका दमात वळवली. कोल्हापूर येईपर्यंत मृणाल वडिलांच्या खांद्याला टेकून बसली होती. तिने आयोजकांना फोन करून नाव काढून घेतलं आणि त्याबद्दल पुन्हा बोलली नाही.

आनंदरावांना भीती होती तो शब्द डॉक्टरांनी उच्चारला नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, हात कापत होते, आणि हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. आणखी दोन महिने काढले असते तर हृदयाने दगा दिला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. आनंदराव त्या दिवशी घरी येऊन नऊ तास झोपले. विजयमाला मधूनमधून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघत होती.

पावसाळा संपता संपता आनंदराव सदुसष्टवर आले. बोल्ट मात्र मृणालकडेच राहिले. तिला खरोखरच ते काम जमायला लागलं होतं.

नव्या मोसमासाठी तिघं नोंदणीला गेले तेव्हा मुल्लाबाईंची बदली तिथेच झालेली होती. त्यांनी सांगितलं की नाक्यावरचा तो प्रकार त्यांनी वर लिहून कळवला होता. त्यांच्या पत्रासारखी आणखीही चार-पाच पत्रं गेली होती. एका ठिकाणी बाईला दिवस गेलेले घरात कुणाला सांगायच्या आधी जोडकाट्यावरून दिराला कळलं होतं, आणि त्यावरून बरंच रामायण झालं होतं. म्हणून आता अर्जात एक नवा रकाना आला होता. 'आसनावरील वजनात सतत बदल आढळल्यास कोणास कळवावे?' खाली तीन पर्याय होते. कोणासही नाही. फक्त स्वतःस. चालकास.

आनंदरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. यंत्राने आपल्या अंगात डोकावणं त्यांना पटत नव्हतं, आणि तसं त्यांनी मुल्लाबाईंना ऐकवलंही. माणसाला आपलं आपल्यापाशी ठेवायची मुभा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी विजयमालाकडे एकदा पाहिलं, 'चालकास'समोर खूण केली आणि सही ठोकली.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

विजयमाला हसली. तिने आपला अर्ज पुढे ओढला, नाव लिहिलं, परवान्याचा क्रमांक लिहिला आणि त्याच रकान्यापाशी आली. चालक तर ती स्वतःच होती; दुसऱ्या कुणाला कळवायचं तर नाव हाताने लिहावं लागणार होतं. तिच्याबद्दल काही कळलं तर ते कुणाला सांगायचं? आनंदरावांना सांगितलं तर ते रात्रंदिवस काळजी करत बसतील. मृणालला सांगितलं तर ती पुन्हा एखादी शर्यत सोडून देईल. कोणासही नाही, यावर खूण करणं किती सोपं होतं ते तिला आता समजत होतं.

शेजारी बसलेले आनंदराव तिच्या पेनाकडे बघत होते. ती 'कोणासही नाही'समोर खूण करणार होती, की कुणाचं नाव लिहिणार होती?