मागितल्याशिवाय मदत नाही

त्याची माझी ओळख झाली ती त्याच्या शर्टावर चहा सांडून. आणि चूक सर्वस्वी त्याचीच होती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते.

निधी कार्यालयाच्या दारातला रॅम्प कुणी बांधला देव जाणे, पण त्याने जन्मात व्हीलचेअर पाहिलेली नसावी. चढ असा उभा, की मध्ये दम खायला चाकांवरचे हात सोडले तर खुर्ची मागे घसरायची. मी लांबूनच वेग घेतला, दातओठ खाऊन चाकं फिरवली, अर्धा चढ पार केला... आणि एकदम खुर्ची हलकी झाली. मागून कुणीतरी ढकलत होतं. मी कचकन ब्रेक लावला. मागचा माणूस खुर्चीवर आदळला आणि त्याच्या दुसऱ्या हातातला कागदी कप त्याच्याच छातीवर रिकामा झाला.

"अहो, मी मदत करत होतो," तो कळवळून म्हणाला.

"मी मागितली होती?"

"नाही, पण—"

"रस्त्यात अनोळखी बाई दिसली की तिचा हात धरून तिला चालवत नेता का तुम्ही? ही खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत."

त्याने शर्ट झटकला. मग म्हणाला, "चुकलो. आता मी काय करू? पुढे जाऊ, की मागे थांबू?"

हे मात्र मला नवीन होतं. लोक सॉरी म्हणून सटकतात, पुढे काय करू असं कुणी विचारत नाही. मी त्याला पुढे जायला सांगितलं. डोळे मोठे हसरे होते मेल्याचे. मी ते पाहिले, आणि पाहिलेच नाहीत असा चेहरा केला.

आत लांबलचक टेबल होतं, टोकाला चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई, आणि कोपऱ्यात... तोच चहाचा डाग. तो निधीचा तपासनीस निघाला. जे अर्ज करतील त्यांच्याकडे जाऊन काम बघायचं आणि मत द्यायचं, ही त्याची नोकरी. माझं अर्धं अवसान तिथेच गळालं. उरलेल्या अर्ध्यावर मी बोलायला लागले.

हा निधी अपंग माणसांच्या सेवेत काही नवीन करू बघणाऱ्यांसाठी होता, आणि माझ्याकडे होतं सरावघर. तळमजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, रुंद दारं, बसून हात पोचेल असा ओटा. ज्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हातून गेलं अशा माणसांनी तिथे यायचं, काही आठवडे स्वतःचं स्वतः करून बघायचं आणि मग कुठे, कसं राहायचं ते आपलं आपण ठरवायचं. घराला नियम एकच. मागितल्याशिवाय मदत नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "म्हणजे मदत न करण्यासाठी तुम्हाला आमची मदत हवी आहे?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हो. आणि ती मी मागून घेते आहे."

कोपऱ्यातला डागही हसला, पण तो माझ्या बाजूने हसला असं मला वाटलं. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. फ्लॅटचा करार वर्षअखेर संपत होता आणि मालकाला जास्त भाडं देणारा दुसरा भाडेकरू मिळालेला होता. निधी मिळाला तर घर राहणार होतं, नाहीतर कुलूप. ठरलं असं, की तपासनिसाने चार-सहा वेळा येऊन घर बघावं आणि मत द्यावं.

त्या वेळी घरात राणीसाहेब राहत होत्या. हे नाव त्यांच्या भावांनीच पाडलेलं. चाळिशी उलटलेली, डावा हात आणि डावा पाय जन्मापासून अधू. भावांचा फार जीव होता त्यांच्यावर, आणि तीच त्यांची पंचाईत होती. त्यांना मागची खोली होती, बोलावायला घंटी होती, पण गॅस पेटवायची मुभा नव्हती. एकदा तरी स्वतःच्या घरात राहून बघेन, असा हट्ट धरून त्या आल्या होत्या. भाऊ म्हणाले होते, हौस फिटू दे, मग आणूच परत.

तपासनीस पहिल्यांदा आला तेव्हा राणीसाहेब चहा करत होत्या. पातेलं एका हातात डुगडुगलं, हा स्टुलावरून अर्धा उठला, मी खाकरले. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग तीच त्याची बैठक झाली. दूध उतू गेलं की तो छताकडे बघायचा. राणीसाहेबांना याची इतकी मजा वाटायला लागली, की त्या मुद्दाम पातेलं हलवून बघायच्या.

तो यायचा तेव्हा मी फार कामात असायचे. म्हणजे तसं दाखवायचे.

"तुम्ही कधीचे माझ्याकडे बघताय," एकदा मी मान वर न करता म्हटलं.

"तपासतोय."

"घर तपासा."

"घर... तपासून झालं."

माझे कान गरम झाले. संध्याकाळी आमच्या घरी आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "हा घराचा अहवाल लिहायला येतो की तुझा?" मी म्हटलं, काहीतरीच काय. बरं, म्हणाली. मग आज केस दोनदा का विंचरलेस, एवढंच विचारून ती घड्या उचलून निघून गेली.

एका दुपारी बाहेर झिमझिम चालू होती, राणीसाहेब आत आडव्या झाल्या होत्या. तो आपण होऊन वडिलांबद्दल बोलला. शेवटची वर्षं वडिलांचं अंग लुळं पडलं होतं, आणि याने त्यांचं सगळं केलं. शर्टाची बटणंसुद्धा. एकदा ते म्हणाले, एक बटण तरी मला लावू दे रे. याला कामावर जायला उशीर होत होता. याने पटकन लावून टाकलं. एवढं सांगून तो खिडकीबाहेर बघत बसला. हात अजून मांडीखालीच.

"काढा आता बाहेर," मी म्हटलं, "काही सांडत नाहीये."

त्याने हात काढले. एक हात माझ्या हाताच्या दिशेने निघाला आणि मध्येच थांबला.

"ठेवू?"

इतकी वर्षं माणसांनी मला न विचारता उचललं, हलवलं, कोपऱ्यात लावून ठेवलं होतं. हात धरायला परवानगी कुणी मागितली नव्हती.

"ठेवा," मी म्हटलं.

त्यानंतर तो आलाच नाही. आला तो कार्यालयाच्या कारकुनाचा फोन. तपासनिसांनी तुमच्या प्रकरणातून अंग काढून घेतलं आहे, मत नसल्यामुळे विषय पुढच्या फेरीत घेऊ. पुढची फेरी नव्या वर्षात, करार संपल्यावर. मी तडक त्याला फोन लावला.

"माझं मत आता सरळ राहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "मला तुम्ही... आवडता. उद्या कुणी म्हणालं असतं, ओळखीवर पैसे मिळाले, तर तुमच्या घराला बट्टा लागला असता. म्हणून मी बाजूला झालो."

मन एकाच वेळी मोहरलं आणि पेटलं. पेटलेलं आधी बोललं.

"ही मदत तुझ्याकडे मागितली होती मी?"

तो म्हणाला, "नाही."

"माझ्या घराचं काय व्हायचं ते तू एकट्याने ठरवलंस. राणीसाहेबांचे भाऊ दुसरं काय करतात?"

मी फोन ठेवला आणि पोटभर रडले. बाजूला झाला हे बरोबरच केलं होतं त्याने, हे मला कळत होतं. पण आधी सांगितलं असतं तर मी हातपाय हलवले असते. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, आता हलवायचे.

सकाळी तो मेला रॅम्प चढून मी अध्यक्षबाईंच्या केबिनमध्ये गेले. तपासनिसाचं मत राहू द्या, तुम्ही स्वतः येऊन बघा, म्हटलं. त्या म्हणाल्या, मी कुणाकडे जात नसते, तसा पायंडा नाही.

"मग तुम्ही हो म्हणेपर्यंत मी बाहेर बसून राहते. खुर्ची मी घरूनच आणलीय."

दुपारचे जेवणाचे डबे उघडले, बंद झाले, मी दारातच होते. चारच्या सुमाराला अध्यक्षबाई पर्स घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, चला.

राणीसाहेबांनी चहा टाकला. एवढी मोठी बाई समोर बसलेली, हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. कप निसटला आणि फुटला. अध्यक्षबाई ताडकन उठल्या.

"बसा तुम्ही," राणीसाहेब म्हणाल्या.

एका हाताने झाडू ओढत त्यांनी काचा गोळा करायला घेतल्या. फार वेळ लागला. मी माझे हात मांडीखाली घातले, कारण सगळं घर त्या झाडूवर टांगलेलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. शेवटी एक तुकडा कपाटाखाली राहिला. राणीसाहेब वळल्या. "बाई, तेवढा काढून द्याल? माझा हात पोचत नाही."

अध्यक्षबाई इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर बसल्या आणि कपाटाखाली हात घातला. मग चहा झाला. भावांबद्दल मी वाटेत सांगितलंच होतं; पिता पिता त्यांनी विचारलं, भाऊ न्यायला कधी येणार?

"येतील की," राणीसाहेब म्हणाल्या. "चहा पितील आणि जातील."

निधी मंजूर झाला. सही करायला गेले त्या दिवशीही झिमझिम होती. रॅम्पच्या पायथ्याशी तो उभा होता, हातात कागदी कप, केस भिजलेले.

"बाजूला व्हायलाच हवं होतं मी," तो म्हणाला. "पण तुला विचारून. चुकलो."

"तुला?"

"रागात का होईना, सुरुवात तू केलीस." मग तो जरा अडखळला. "आता मी काय करू? पुढे जाऊ, की मागे थांबू?"

"काय हवंय ते माग. आमच्याकडे मागितल्याशिवाय काही मिळत नाही, माहितीये ना?"

त्याने एक श्वास घेतला. "मला त्या घरी यायचंय. तपासायला नाही, तुझ्यासाठी. आणि येतच राहायचंय... येऊ?"

मी लांबून वेग घेतला, ओल्या चढावर चाकं फिरवली आणि बरोबर मध्यावर ब्रेक लावला.

"ये," मी मागे न बघता म्हटलं. "ढकल."

"चढ जड जातोय?"

"मुळीच नाही. शंभरदा चढलेय मी हा. गरज नाहीये मला. हवंय, म्हणून मागतेय."

पावलं वर आली. खुर्चीच्या दोन्ही मुठींवर दोन हात आले, सावकाश, घट्ट. मी वळून पाहिलं. कप त्याने खालीच कठड्यावर ठेवून दिला होता.