कंसातलं भीतिदायक संगीत

इमारतीची लिफ्ट बंद होऊन तिसरा दिवस होता आणि तिचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येताच तिला धाप लागली. कठड्याला धरून ती उभी राहिली, तर नवी लिफ्ट बसवायला आलेल्या आणि पायरीवर डबा उघडून बसलेल्या लिफ्टवाल्याने मोबाइलमधून मान वर केली आणि ओळख ना पाळख, सरळ विचारलं,

"हा सिनेमा बघितलात का हो? तळ्याकाठच्या हॉटेलात पाच खून होतात तो?"

"...बघितलाय."

"मग तुम्हीच सांगा. अठराव्या मिनिटाला फोन येतो. पलीकडून नुसता आवाज. नायिकेला कळत नाही कोण बोलतंय, पोलिसांना कळत नाही. आणि खाली सबटायटलमध्ये काय लिहिलंय? 'माळी : मी तुला बघतोय.' माळी! अहो, खून माळ्याने केले हे शेवटच्या पाच मिनिटांत कळायचं होतं. लिहिणाऱ्या शहाण्याने अठराव्या मिनिटालाच दवंडी पिटली. पुढचा दीड तास मी आणि बाबा माळ्याचं तोंड बघत बसलो."

तो शहाणा म्हणजे ती होती.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सिनेमांतले संवाद आणि आवाज पडद्याच्या तळाशी लिहून द्यायचे, हे तिचं काम. दाराची करकर, दूरवरची किंकाळी, सगळं कंसात. त्यासाठी आधी अख्खा सिनेमा बघावा लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. शेवट माहीत असलेल्या माणसाला फोनवरचा आवाज अनोळखी राहतच नाही. तो माळ्याचा आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने माळ्याचं नाव लिहिलं. या धंद्यातली ही जुनीच चूक, आणि सहा वर्षं भयपटांची आणि थरारपटांची सबटायटल लिहून एकदाही न दचकलेल्या बाईने ती केली होती.

आता खरं बोलायचं, की वेळ मारून न्यायची?

"असल्यांना कामावर ठेवतं तरी कोण!" ती म्हणाली आणि उरलेले दोन मजले न थांबता चढून गेली.

दुसऱ्या दिवशी ती जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन खाली निघाली. गच्चीवर ऊन होतं, ऑफिसात जागा नव्हती, अशी कारणं तिने स्वतःला दिली. लिफ्टवाला होता त्याच पायरीवर होता. त्याने हातरुमालाने शेजारची पायरी झटकली आणि थोडा सरकून बसला.

"काय पाचवा मजला, काल रात्रभर भूत दिसलं का?"

"मला भुतांची भीती वाटत नाही."

"कशाचीच नाही?"

"सिनेमातल्या तर कशाचीच नाही."

"अरे वा! मला सगळ्याची वाटते. बाहुलीची वाटते, पडद्यामागच्या पायांची वाटते, आरशाची तर विचारू नका." तो मनापासून सांगत होता. "फक्त लिफ्टची वाटत नाही. सिनेमावाल्यांनी लिफ्टची इतकी बदनामी केलीय ना... नायक आत शिरला की दोर तुटलाच! अहो, पाच-सहा दोर असतात. आणि सगळे तुटले तरी खाली ब्रेक असतात, ते रूळ धरून ठेवतात. मरायचंच असेल माणसाला, तर जिन्यावरून पडणं सोपं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी कोणी तिला हसवलं होतं, आणि तेही मरण्याच्या गप्पांवरून.

जुनी लिफ्ट काढून नवी बसवायला सहा आठवडे लागणार होते. त्या सहा आठवड्यांत त्या पायरीवर किती सिनेमे सोलून निघाले, याला गणती नाही. जुळ्या बहिणींचा थरारपट त्याला थोर वाटला, तिला रटाळ. तळघरातल्या आजारी मुलीचा भयपट तिने उचलून धरला, तर तो म्हणाला, "त्या मुलीला वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर सिनेमा वीस मिनिटांत आटोपला असता." नायिका अंधाऱ्या घरात दिवा का लावत नाही, यावर दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. त्या आनंदात त्याने आपल्या डब्यातलं अर्धं अंडं तिच्या झाकणावर ठेवलं आणि तिने ते निमूटपणे खाल्लं.

एक दिवस तिने विचारलं, "एवढं घाबरता तर बघता कशाला?"

"बाबांसाठी." तो डबा बंद करता करता थांबला. "छत्तीस वर्षं कारखान्यात यंत्राशेजारी उभे होते. आता दोन्ही कान गेलेत. त्यांना भयपटाचं भारी वेड. मग आम्ही टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतो आणि खालचं वाचत बघतो. त्यांना ऐकू येत नाही ते मी एकट्याने काय ऐकायचं? पण बाबा वैतागतात हो. भुताने तोंड वर काढलं रे काढलं की खाली तेच. 'भीतिदायक संगीत'! परवा ओरडले, भीतिदायक म्हणजे कसं? ढोल की सनई? ह्या माणसाने कधी कान उघडे ठेवलेत का?"

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. कारण 'भीतिदायक संगीत' हे शब्द तिच्या संगणकावर एका बटणाला बांधलेले होते. बोट ठेवलं की कंसासकट उमटायचे. सहा वर्षांत त्या बटणावरचं अक्षर पुसून गेलं होतं.

त्या दुपारी वर जाऊन तिने ते बटण मोकळं केलं. तिच्या हातात तेव्हा एका ओस पडलेल्या रुग्णालयाची मालिका होती, दर बुधवारी एक भाग येणारी. तिने कानाला हेडफोन लावले, डोळे मिटले आणि एकेक आवाज शोधून लिहायला घेतला. (एकच व्हायोलिन, श्वास धरल्यासारखं.) (लोखंडी खाटेचं चाक, दर फेरीला एकदा कुरकुरतं.) (शांतता. मग शेजारच्याच खोलीत कोणीतरी पाणी पितं.) वेळ दुप्पट लागला. ऑफिसच्या मुख्य बाई पाठीमागे येऊन वाचून गेल्या आणि म्हणाल्या, "काय गं, प्रेमात बिमात पडलीस की काय?"

"आवाज लिहितेय, मॅडम," ती म्हणाली आणि मान खाली घालून कामाला लागली.

गुरुवारी लिफ्टवाला नुसता उसळत होता. "काल बघितलात रुग्णालयवाला भाग? सबटायटलवाला बदलला वाटतं! बाबा एकेक ओळ मोठ्याने वाचत होते. पाणी पितं म्हटल्यावर तर त्यांनी माझा हातच पकडला. म्हणाले, अरे, मला ऐकू आलं रे..." एवढं बोलून तो जिन्याच्या खिडकीबाहेर बघत राहिला.

सांगून टाकावं, तिला वाटलं. आत्ता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगायचं तर माळीही सांगावा लागणार, आणि पहिल्या दिवशीचं ते साळसूद वाक्यही. आपण दोन आठवडे याला फसवतोय हे कळल्यावर हा उद्या या पायरीवर बसेल का? तिला भूत चाललं असतं, रिकामी पायरी चालली नसती. तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

त्यात भर म्हणून मुख्य बाईंनी एक पत्र तिच्या टेबलावर ठेवलं. हाताने लिहिलेलं, टपोरं अक्षर. 'माळ्याचे नाव फोडणाऱ्याने निदान दिलगिरी तरी व्यक्त करावी.' खाली एका निवृत्त कामगाराची सही आणि पत्ता. हे लिफ्टवाल्याचे बाबा, तिने ओळखलं. "उत्तर दे," बाई म्हणाल्या. तिने पत्र खणात टाकलं आणि रोज खण उघडून परत लावत राहिली.

मालिकेच्या पाचव्या भागात लिफ्ट होती. साहजिकच. सिनेमावाल्यांनी नेहमीसारखा कर्कश आवाज भरला होता, पण त्याच्या मागे, अगदी बारीक, खरा आवाजही होता. तो तिने ऐकला, कारण काय ऐकायचं हे तिला कोणीतरी शिकवलं होतं. लिफ्ट हलायच्या आधी वर, यंत्राच्या खोलीत ब्रेक सुटतो. आधी टक्, मग दोरांची गुणगुण. ती गुणगुण नीट असली की मला रात्री झोप लागते, असं लिफ्टवाला पायरीवर सांगायचा. तिने लिहिलं : (वर कुठेतरी टक्. मग दोरांची गुणगुण.)

बुधवारी तो भाग आला आणि गुरुवारी लिफ्टवाला पायरीवर बसला नव्हता. उभा होता. हातात डबा नव्हता.

"ते टक् आणि ती गुणगुण मी जगात एकाच व्यक्तीला सांगितलीय," तो म्हणाला.

जिन्यावर वरून कोणीतरी उतरत होतं. तो माणूस जाईपर्यंत दोघंही भिंतीला लागून उभे राहिले.

"हो," ती म्हणाली. "मीच लिहिते."

"आणि माळी?"

"माळीसुद्धा."

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत."

"पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही हसवलंत. मग वाटलं, सांगितलं तर... तुम्ही इथे बसायचे नाहीत."

"म्हणजे इतके दिवस मी बडबडत होतो आणि तुम्ही मजा बघत होतात. आणि घरी मी बाबांना त्या सबटायटलवाल्याबद्दल..." त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं. त्याचे कान लाल झाले होते. "जाऊ दे. काम आहे." आणि तो वर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात तो जेवायला पायरीवर आलाच नाही. शुक्रवारी लिफ्ट सुरू झाली. तपासणी करणारे आले, सही झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पाचव्या मजल्यावरून खाली आली तेव्हा त्याची हत्यारांची पेटी गेलेली होती आणि त्याच्या सहकाऱ्याने सांगितलं, तो सोमवारपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी ती जिन्यानेच घरी निघाली. तिसऱ्या मजल्यावर तिला चक्क रडू आलं. सिनेमातलं कुणीही मेलं तरी ज्या बाईचे डोळे ओले झाले नव्हते, ती एका पायरीसाठी रडत होती, आणि तिला त्याचं काही विशेषही वाटलं नाही. आपण या माणसाच्या प्रेमात आहोत, हे तिने तिथेच, रुमाल शोधता शोधता, मान्य करून टाकलं.

रविवारी दुपारी चार वाजता तिने खणातल्या पत्रावरच्या पत्त्यावरचं घर शोधून काढलं आणि बेल दाबली. आवाज आला नाही. दारावरच्या काचेतून आत बेलला जोडलेला एक दिवा उघडमीट करताना दिसला. दार एका उंच, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी उघडलं. तिने त्यांच्या हातात कागद दिला. 'माळ्याचं नाव मी फोडलं. चूक माझी. तुमच्या मुलालाही मी खरं सांगितलं नाही, ती चूक त्याहून मोठी. दिलगीर आहे.'

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात घरात हाक मारली, "अरे ए, बाहेर ये! माळीवाली आलीय!"

लिफ्टवाला आतून आला तो अर्धा दाढीचा फेस गालावर घेऊन. तिला बघून जागच्या जागी थांबला.

"मी... पत्राचं उत्तर द्यायला आले," ती म्हणाली.

"रविवारी?"

"पोस्टाला रविवारी सुट्टी असते."

त्याला हसू फुटणार होतं, पण त्याने ते फेसाआड दाबलं आणि तोंड धुवायला गेला. बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, मालिकेचा शेवटचा भाग लावला आणि आवाज बंद केला. लिफ्टवाला तोंड पुसत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसला. तिचेच शब्द तिच्यासमोर तळाशी उमटू लागले. आवाज नसताना तिने कधीच काही बघितलं नव्हतं. पलंगाखालून हात आला तेव्हा ती इतकी दचकली की खुर्चीचा हात घट्ट धरला. तो हात खुर्चीचा नव्हता. लिफ्टवाल्याने तो काढून घेतला नाही.

भाग संपला. बाबांनी टीव्ही बंद केला आणि ज्या वहीत घरचे त्यांच्याशी लिहून बोलत, ती वही तिच्या मांडीवर ठेवली. "आता या खोलीत काय ऐकू येतंय ते लिही. बघू तुझी परीक्षा."

तिने कान दिला आणि लिहिलं. (पंखा. आत कुठेतरी नळ गळतोय.)

"नळ गळतोय?" बाबा मुलाकडे वळले. "आणि मला कोणी सांगितलं नाही!" त्यांनी वहीवर टिचकी मारली. "पुढे."

(तुमचा मुलगा घसा साफ करतो. बोलत नाही. पुन्हा साफ करतो.)

लिफ्टवाला उठून तिच्यासमोर आला, बाबांकडे पाठ करून, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत. "मी तुमच्यावर रागावलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. "म्हणजे थोडा होतो. पण त्याहून जास्त... मला लाज वाटत होती. दुपारी पायरीवर तुम्ही आवडत होतात. आणि बुधवारी खालच्या त्या ओळी वाचताना ते लिहिणारं कोण असेल, त्यावर जीव जडत होता. घरी मी बाबांना तेच सांगायचो. मला वाटायचं, मी दोघांनाही फसवतोय. आणि तुम्ही एकच निघालात."

"काय म्हणतोय तो?" बाबांचा आवाज खोलीभर घुमला. "लिही!"

तिने लिहिलं : (अस्पष्ट पुटपुट.)

बाबांनी वाचलं आणि वही तिच्याकडे परत ढकलली. "खोटं. तू असलं लिहिणारी नाहीस."

मग तिने ती ओळ खोडली. तो बोलला होता ते शब्दन् शब्द उतरवून काढलं, घशातल्या अडखळण्यासकट. एक ओळ मोकळी सोडली आणि त्याखाली, अजून तोंडाने काहीच बोलली नसताना, स्वतःचं उत्तर लिहिलं. लिफ्टवाला वाकून बघायला आला, पण बाबांनी वही आधीच उचलली होती. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी सगळं मनातल्या मनात वाचलं, आणि शेवटची ओळ नेहमीच्या सवयीने मोठ्याने, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली :

"मलाही तुम्हीच आवडता. कधीपासून ते विचारू नका, अर्ध्या अंड्यापासून!"

समोरच्या घराची खिडकी उघडली आणि कोणीतरी डोकावून बघितलं. बाबांना ते ऐकू गेलं नाही, आणि त्या दोघांनाही नाही.