दोरी कुणी सरकवली?

"दाब!" मामा ओरडला.

"थांब रे!" गुंडी कानात प्राण आणून गाणं ऐकत होती. गाणारीने श्वास घेतला आणि गुंडीने बटण दाबलं. ही नुसती तालीम, आतषबाजीच्या नळकांड्यांत अजून गोळे भरायचे होते.

"मी सांगितलं तेव्हा का नाही दाबलंस?"

"कारण तू मुद्दाम चुकीचं सांगितलंस! ती श्वास घेते तेव्हा दाबायचं. गोळा वर पोचेपर्यंत तिचा सूर लागतो. तूच शिकवलंयस!"

मामा खदखदून हसला. "पास! आज रात्रीचं शेवटचं गाणं तुझं. शब्द दिला!"

गुंडीला आभाळ ठेंगणं झालं. तळ्याकाठच्या मैदानात गाजलेल्या गाण्यांच्या तालावर आतषबाजी उडवायची, हे मामाचं काम. सुट्टीभर ती त्याच्या मागेमागे होती. तारा जोडायला शिकली, आणि मामाची ती खास गाठही. मांजराचे दोन कान उभे राहावेत तशी ती दिसायची. मामाने ती स्वतः शोधून काढली होती.

तेवढ्यात तिचा दोस्त रेडिओ धापा टाकत आला. याचं तोंड कधीच बंद नसायचं, म्हणून तो रेडिओ. आणि सदैव त्याच्या मागे असणारी धाकटी बहीण म्हणजे शेपूट.

"गुंडे, नळाकडे चल! आत्ताच्या आत्ता!"

मैदानातल्या त्या नळावर काल तिघं पाणी प्यायला गेली, तेव्हा मामाने त्यांची खरडपट्टी काढली होती. "दोरीच्या आत पाय टाकायचा नाही! जळके तुकडे इथवर येतात!" आज मात्र दोरी चक्क तळ्याकडे, नळकांड्यांच्या जवळ सरकली होती आणि नळाभोवती लाल गाद्यांच्या खुर्च्या ऐटीत उभ्या होत्या.

"दोरीला पाय फुटले वाटतं!" रेडिओ म्हणाला.

"कुणीतरी मामाला गोत्यात आणायला टपलंय," गुंडी चिडली. "चला, शोधून काढू!"

आधी त्यांनी संयोजक साहेबांना गाठलं. "दोरीबिरी कामगार बघतात," ते मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाले. "खेळा जा!"

रेडिओ पावलांचे ठसे शोधू लागला. गुंडी एका खुंटीपाशी वाकली. गाठीला दोन कान होते. तिने पटकन त्यांच्यावर हात ठेवला.

"काही सापडलं?" रेडिओने विचारलं.

"नाही."

ती तडक मामाकडे गेली. "मामा, दोरी कुणी सरकवली रे?"

"मला काय माहीत? वाऱ्याने सरकली असेल."

"खुंट्यांसकट?"

"मला काम आहे, गुंडे. जा बघू!" त्याने वर पाहिलंही नाही.

तिचा मामा खोटं बोलत होता! गुंडीला इतका राग आला की रडूही येईना. पण रडून खुर्च्या थोड्याच हलणार होत्या?

"घाण खुर्चीवर आई बसतच नाही," शेपूट सहज म्हणाली.

रेडिओ आणि गुंडीने एकमेकांकडे पाहिलं. रंगमंचामागे पांढऱ्या रंगाचे डबे पडलेच होते!

संध्याकाळी कडक इस्त्रीतले पाहुणे आले आणि दोन हात लांबच थबकले. "अहो, रंग ओला आहे!"

"कुणाचा हा चावटपणा?" संयोजक साहेब दातओठ खात म्हणाले. पण करतात काय? पाहुणे मागे बसले.

गाणी सुरू झाली. तळ्यावर हिरवी-निळी फुलं उमलू लागली. मग वारा फिरला. एक गोळा खालीच फुटला आणि पेटते तुकडे थेट लाल गाद्यांवर पडले. खुर्च्या भडकल्या! मामाची माणसं नळावरून बादल्या घेऊन धावली.

गाणं बंद झालं. प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई उठल्या. "दोरी इतकी जवळ कुणी बांधली?"

"कामगारांनी, बाई! बरं झालं, मी रंगाची युक्ती करून खुर्च्या रिकाम्या ठेवल्या," साहेब म्हणाले.

"ओ! रंग आम्ही लावलाय!" रेडिओने पांढरे तळवे नाचवले. शेपूट तर नखशिखांत पांढरी होती!

सगळे हसले. गुंडीला हसू येईना. मामा खुंटीशेजारी मान खाली घालून उभा होता. आता तरी तो बोलेल म्हणून ती थांबली.

"ही गाठ आमच्या घरात दोघांनाच येते," ती खुंटीकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि मी ती बांधलेली नाही."

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या.

"मीच बांधली," मामा शेवटी म्हणाला. "साहेब म्हणाले, पाहुण्यांना जवळून दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघतो. मी सरकवली."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. डॉक्टरबाईंनी दोरी पुन्हा नळाच्या मागे न्यायला लावली आणि तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत. शाबास!" टाळ्यांचा कडकडाट झाला. रेडिओ जन्मात पहिल्यांदा गप्प झाला.

मामा जवळ आला. "खरंच शाबास, गुंडे. चल, शेवटचं गाणं राहिलंय."

"दुपारी मी तुला एकटीने विचारलं होतं," गुंडी म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

मामाने नुसतं बटण तिच्यापुढे धरलं.

"तूच दाब बटण."

ती दोरीमागे गर्दीत जाऊन उभी राहिली. तिचं लाडकं गाणं सुरू झालं. गाणारीने श्वास घेतला आणि गुंडीचा अंगठा आपोआप दाबला गेला, नुसत्या हवेत. आभाळभर सोनेरी फुलं उमलली. "वा!" सगळे ओरडले.

गुंडीने वर पाहिलं नाही.